टोलनाक्यावरच्या भाच्याला



तुझा मेसेज वाचला. फोनवर एवढं बोलणं व्हायचं नाही, म्हणून कागदच घेतला. तामलवाडीच्या नाक्यावर खिडकीत बसून शिव्या खायच्या, त्यापेक्षा नोकरी सोडावी आणि देवाचं काम करावं, असं तुझ्या मनात आहे. तरुण संघात कुणीतरी जकातदारांवर बोललं, तेही तुला लागलेलं दिसतं.

तर लूकच्या शुभवर्तमानाचा तिसरा अध्याय काढ. जकातदार बाप्तिस्मा घ्यायला आले आणि आम्ही काय करावं म्हणून विचारू लागले, तेव्हा योहानाने त्यांना नाका सोडायला सांगितलं नाही. ठरल्यापेक्षा जास्त घेऊ नका, एवढंच सांगितलं. मत्तयाला प्रभूने नाक्यावरून उठवून नेलं, हे खरं. पण जकातदार जक्कयाला नेलं नाही, उलट त्याच्याच घरी उतरला. जक्कयाने लुबाडलेलं चौपट परत करायचं कबूल केलं. त्याने काम सोडलं, असं लूक कुठेही लिहीत नाही. तुला बोलावणं आलं तर जरूर ऊठ, मी अडवणार नाही. पण शिव्यांचा कंटाळा म्हणजे बोलावणं नव्हे.

आणि देवाचं काम म्हणजे फक्त प्रवचन, असं तुला कुणी शिकवलं? पौल करिंथात अक्विल्ला-प्रिस्किल्लेबरोबर तंबू करून पोट भरत होता. आपल्याकडचं बघायचं तर केडगावचं मुक्ती मिशन बघ. 1896-97 च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी आणलेल्या मुली-बायकांना तिथे प्रार्थनेबरोबर विणकाम, शेती आणि छपाई शिकायला मिळाली. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून सगळ्या बायबलचं मराठी भाषांतर केलं आणि 1922 साली, मरणाच्या अगदी तोंडावर, ते काम पुरं केलं. ते छापलं गेलं मुक्तीच्याच छापखान्यात, तिथल्या बायकांच्या हातून. खिळे जुळवणारी बाई उपदेश करत नव्हती, पण तिची एक चूक झाली असती तर वचनच चुकीचं छापलं गेलं असतं. मला ती बाई फार मोठी वाटते.

आता तुझ्या खिडकीचं. दर पाटीवर लिहिलेले आहेत, त्यामुळे जास्त न घेणं ही तुझी किमान पायरी झाली. अवघड असतं ते ओळखीच्यांचं. वर्गातला मित्र, गावातला पुढारी, आपल्याच मंडळीतला कुणी काच खाली करून म्हणेल, ‘सोड की, आपलाच आहे.’ तिथे हसून नाही म्हणायला शीक. आणि चांगुलपणा एवढ्यावर थांबवू नकोस. वीस किलोमीटरच्या आत राहणाऱ्याच्या खासगी गाडीला मासिक पास मिळतो, हे किती शेतकऱ्यांना ठाऊक आहे? त्यांनी विचारायच्या आधी तू सांग. ज्याचं जे आहे ते त्याला मिळवून देणं हाही प्रामाणिकपणाच आहे, आणि लोक तो विसरतात. फास्टॅग चालला नाही की माणूस भडकतो, कारण त्याला जादा पैसे भरावे लागतात. नियम तू केलेला नाहीस, पण तो शांतपणे समजावून सांगणं तुझ्या हातात आहे. मागे हॉर्न वाजत असले तरी दोन वाक्यं नीट बोलता येतात.

पाळी संपताना हिशेब जुळवशील तेव्हा दानिएल आठव. वैऱ्यांनी त्याच्या कारभारात खोट शोधली आणि त्यांना ती सापडली नाही. वरून कुणी काही वेगळं करायला सांगितलं तर भांडू नकोस, ‘लेखी द्या साहेब’ एवढं म्हण. मात्र सोबत्यांच्या चुका मोजत बसू नकोस. स्वतःच्या प्रामाणिकपणाचा तोरा मिरवणारा माणूस कुणालाच आवडत नाही, आणि आपल्या लोकांत ही खोड बरीच आहे.

रविवारची ड्यूटी लागते, म्हणून तू खंतावतोस. मी नर्स होते, माझे कितीतरी रविवार वॉर्डात गेले. विश्रांतीचा दिवस देवाने चाकरालासुद्धा दिलेला आहे, तेव्हा आठवड्याची सुट्टी झोपून काढू नकोस, त्या दिवशी वचन वाच. उपासनेसाठी पाळी बदलून हवी असेल तर आधी दुसऱ्यासाठी बदलून दे. घटस्थापनेला, लक्ष्मीपूजनाला तू उभा राहा, मग नाताळला ते आपणहून तुझ्यासाठी उभे राहतील.

कोजागिरीला सोलापूरहून तुळजापूरला चालत जाणाऱ्या लोकांनी तुझा रस्ता भरून जाईल. पायाला फोड आलेल्या एखाद्या म्हातारीने पाणी मागितलं तर पाणी दे, बसायला जागा दे. त्यावेळी हातात पत्रक देऊ नकोस. ती देवीला निघालेली आहे आणि तिला पाणी हवंय. कधी कुणी सोबती ‘तू असा का वागतोस’ म्हणून विचारेल, तेव्हा प्रभूचं नाव न लाजता सांग. पण विचारू दे आधी.

रात्रपाळीनंतर मोटारसायकलवर बसायच्या आधी चहा घेऊन थोडा वेळ थांबत जा, डोळे जड असताना निघू नकोस. पुढच्या महिन्याची पाळी लागली की कळव, म्हणजे कोणत्या रविवारी तू उपासनेला येणार ते मी पाळकांना सांगून ठेवीन.

तुझी,
आत्या