शस्त्रकर्मोत्तर पृष्ठवक्रता : पुनश्च वाढणारा बाक

मुंबई-पुण्यास पृष्ठवंशाचे शस्त्रकर्म करवून नाशिकला परतलेल्या मुलाची पाठ काही वर्षांनी पुन्हा वाकू लागली, की पालक तैल व बस्तीच्या अपेक्षेने वैद्याकडे येतात. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या विसाव्या अध्यायात कुब्जत्व हे ऐंशी वातविकारांत गणले आहे. परंतु येथे आधी विचारावयाचे ते हे, की सरळ केलेला कणा पुन्हा का वळला?

सळई कण्यास कायम धरून ठेवत नाही. १९६२ साली हॅरिंग्टन यांनी आपली सळईची पद्धत प्रसिद्ध केली. तेव्हापासून साधने बदलली, तत्त्व तेच राहिले. मणके एकमेकांस सांधले जाईपर्यंत धातू आधार देतो. संधान झालेच नाही, तर सततच्या ताणाने सळई तुटते, वेदना उद्भवते व बाक परततो. तंबाखू वा मिश्रीची सवय संधानास बाधक आहे, हे प्रौढ रुग्णास अवश्य विचारावे.

बालकांत कारण निराळे. मागील बाजू सांधलेली असताना मणक्यांची पुढील बाजू वाढतच राहते आणि कणा स्वतःभोवती पिळला जातो. दुबुसे यांनी १९८९ साली याचे वर्णन केले. ऋतुप्राप्तीपूर्वी शस्त्रकर्म झालेल्या मुलीत हा धोका विशेष. पुढे वाकवून पाहिल्यास बरगड्यांचा उंचवटा वाढलेला दिसतो. कधी सांधलेला भाग स्थिर राहून त्याच्या वरचे वा खालचे मणके वळतात.

तुलना शस्त्रकर्मानंतर लगेच काढलेल्या क्ष-किरण चित्राशी करावी. कॉब कोनातील सुमारे पाच अंशांचा फरक मोजणीतीलही असू शकतो. तेवढ्यावरून पालकांना घाबरवू नये.

अस्थिविकारांत तिक्तद्रव्यसिद्ध क्षीर-घृताचे बस्ती शास्त्रोक्त आहेत. वेदना व बल यांसाठी त्यांचा विचार शल्यतज्ज्ञांना कळवून करावा. सांधलेले हाड त्याने सरळ होईल असे आम्ही म्हणत नाही. पाठ पिळणे, दाबणे, कडकड वाजविणे पूर्ण वर्ज्य. व्रणाभोवतीची त्वचा पुष्कळदा बधिर असते, म्हणून कटिबस्तीचे तैल रुग्णाच्या सांगण्यावर न सोडता स्वतः तपासावे. ज्वर किंवा जुन्या व्रणातून स्राव असल्यास स्वेदन करू नये. धातूभोवतीचा जंतुसंसर्ग वर्षांनंतरही प्रकटतो.

औषधालयचालकांकडे अशा रुग्णांसाठी हाडजोडा व गुग्गुळकल्प मागितले जातात. पुन्हा शस्त्रकर्म ठरले असल्यास चालू औषधांची यादी शल्यतज्ज्ञांस देण्यास सांगावे.

पाय लुळे पडणे, बधिरता, मूत्र अडणे वा न कळत होणे, यांपैकी काहीही दिसल्यास रुग्ण त्याच दिवशी शल्यतज्ज्ञांकडे पाठवावा.