मिसिंग कधी करते, ते आधी सांगा

पुणे-नाशिक आणि कल्याण-नगर हे दोन रस्ते आळेफाट्यावर एकमेकांना छेदतात. नारायणगावचा टोमॅटो, आळे-बेल्ह्याकडचा कांदा भरलेल्या पिकअप इथूनच ओतूरमार्गे माळशेज उतरून कल्याण, वाशीकडे जातात. या पट्ट्यातल्या गॅरेजात जुन्या डिझेल पिकअपच्या बॉनेटखाली माझी उमेदीची वर्षं गेली. साफ बंद पडलेली गाडी मला कधी अवघड वाटली नाही, कारण तिचा दोष जागेवरच असतो, शोधला की सापडतो. खरा कस लागतो तो कधी मिसिंग करणाऱ्या आणि कधी अजिबात न करणाऱ्या गाडीला. घाटात झटके मारते आणि गॅरेजात आणली की चांगली चालते. अशा गाडीत मालकाचा पैसा सगळ्यात जास्त वाया जातो, म्हणून हे लिहून ठेवतो आहे. हे सगळं यांत्रिक पंपाच्या, चार सिलिंडरच्या जुन्या गाड्यांबद्दल आहे. कॉमन रेलच्या गाड्यांना यातलं सरसकट लागू करू नये.

१. आधी ड्रायव्हरशी बोलावं, मग पाना उचलावा.

मालक खर्चाचं सांगतो, गाडीचं ड्रायव्हर सांगतो. ‘मिसिंग करते’ एवढ्यावर थांबायचं नाही. इंजिन गार असताना करते की गरम झाल्यावर? चढावर की सपाटीवर? भरलेली असताना की रिकामी? टाकीत डिझेल किती होतं? पाऊस होता का? आधी धुतली होती का? खड्ड्यात आदळली की सुरू होतं का? सकाळी चालू करताना हँडपंप मारावा लागतो का? क्लीनर मागे बसला असेल तर धुराचा रंग त्याला विचारायचा. येणारं-जाणारं मिसिंग कशाच्या तरी मागे लागून येतं. उष्णता, चढ, टाकीतली पातळी, ओल आणि हादरे, या पाचांपैकी ते कोणाच्या मागे आहे हे कळलं की निम्मं काम झालं.

२. ते मिसिंगच आहे का, हे पाहून घ्यावं.

प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस ढिला झाला, क्लच धरताना थरथरला, इंजिनाचं माउंटिंग फाटलं, तरी ड्रायव्हर मिसिंगच म्हणतो. गाडी उभी करून न्यूट्रलमध्ये हळूहळू रेस करायची. मग चालत्या गाडीत झटका आला की क्लच दाबून बघायचा. क्लच दाबल्यावर इंजिन सुरळीत आणि सोडल्यावर पुन्हा झटका, असं झालं तर आधी गाडीच्या खाली शिरायचं.

३. एक सिलिंडर की चारही?

हा फरक कानाला आला पाहिजे. इंजिन मिनिटाला ७२० फेरे मारत असेल तर सेकंदाला १२ फेरे होतात. चार स्ट्रोकच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो, म्हणजे एकेक सिलिंडर सेकंदाला ६ वेळा आणि चौघं मिळून २४ वेळा. एकच सिलिंडर सुटत असेल तर ठोका ठरलेल्या तालात चुकतो आणि सायलेन्सरच्या तोंडाशी हात धरला तर तो तालच हाताला लागतो. सगळं इंजिन मिळून कधी गचकतं, कधी सावरतं, ताल काही लागत नाही, तेव्हा एका नोझलला दोष देण्यात अर्थ नसतो. डिझेल चौघांकडे जाण्याआधीच कुठेतरी अडतंय किंवा त्यात हवा शिरतेय. एवढा एक फरक ओळखला तर चारही नोझल उगाच बाहेर काढण्याचा खर्च टळतो.

४. धूर बघावा, आणि धूर नसेल तर तेही नीट बघावं.

पांढरा, डोळ्यांना झोंबणारा धूर म्हणजे डिझेल सिलिंडरमध्ये पोचतंय, पण जळत नाही. कॉम्प्रेशन कमी, नोझल ठिबकतंय किंवा टायमिंग मागे गेलंय. काळा धूर म्हणजे हवेच्या मानानं डिझेल जास्त. एअर फिल्टर तुंबला असेल तरी काळाच येतो, म्हणून नोझलकडे वळण्याआधी फिल्टर काढून बघायचा. निळा धूर ऑइलचा. आणि गाडीची ताकद तुटते आहे पण धूर काहीच वाढत नाही, तर डिझेलच पोचत नाही, असं धरून टाकीकडून शोध सुरू करायचा. माझ्याकडे आलेल्या येत्या-जात्या मिसिंगच्या गाड्यांमध्ये हा शेवटचाच प्रकार जास्त निघाला आहे.

५. डिझेल गळत नाही म्हणजे लाइन ठीक आहे, असं समजू नये.

हा मुद्दा मी गॅरेजातल्या प्रत्येक पोराला पहिल्या आठवड्यात शिकवतो. टाकीपासून फीड पंपापर्यंतची लाइन ओढीची असते. तिथे चीर पडली तर डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. पाइप कोरडा दिसतो आणि गाडी तुटते.

ओतूरकडच्या एका टोमॅटोवाल्याची पिकअप आली तेव्हा चारही नोझल नवे होते, पंप कॅलिब्रेट करून आणलेला होता, डिझेल फिल्टर बदललेला होता. तरी मिसिंग होतंच. आधीच्या फिटरनं प्रामाणिकपणे काम केलं होतं, पंपाच्या कामात खोट नव्हती. मी ड्रायव्हरला शांतपणे बसवून विचारलं. तो म्हणाला, ‘मिस्त्री, जाताना भरलेली असते तेव्हा काही नाही. येताना रिकामी असते आणि माळशेज चढताना मारते झटके.’

भरलेली असताना नाही आणि रिकामी असताना होतं, हे उलटंच होतं. माल घाट उतरताना असतो, चढताना गाडी मोकळी, तेव्हा लोडचा प्रश्न निकालात निघाला. मग जाण्या-येण्यात आणखी काय बदलतं? निघताना तो टाकी भरायचा. कल्याण, तिथून वाशी आणि परत घाटाच्या पायथ्याशी येईपर्यंत टाकी अर्ध्यावर यायची.

मग फीड पंपाची ओढीची नळी सोडवली, केबिनच्या मागे बांधलेल्या स्वच्छ डब्यात दुसरी नळी टाकून जोडली, रिटर्नही डब्यातच सोडला आणि गाडी त्याच चढावर नेली. एकही झटका नाही. म्हणजे पंप, नोझल, फिल्टर सगळं निर्दोष, दोष टाकीकडच्या भागात. टाकीतून डिझेल उचलणारा पाइप बाहेर काढला. तो जिथे वरच्या झाकणाला ब्रेझ केलेला असतो तिथे केसाएवढी चीर होती. उसाच्या रसाच्या नळीला वरच्या बाजूला भोक पडलं की ग्लास भरलेला असेपर्यंत रस येतो, मग नुसती हवा ओढली जाते, तसं ते होतं. टाकी भरलेली असताना चीर डिझेलमध्ये बुडालेली, पातळी उतरली की उघडी. सपाटीवर इंजिन कमी डिझेल मागतं म्हणून थोडी हवा पचून जायची. चढावर मागणी वाढली की हवाही वाढायची.

पाइप ब्रेझ करून बसवला. त्याला लागलेला खर्च एका नोझलच्या किमतीपेक्षाही कमी होता.

अशा हवेच्या इतर जागाही ठरलेल्या आहेत. तडकलेली रबरी नळी, ढिला क्लिप, हँडपंपाचं झिजलेलं सील, बँजो बोल्टचे तांब्याचे वायसर, फिल्टरच्या वाटीचं रबर. फीड पंपाच्या तोंडाशी हातभर पारदर्शक नळी बसवली की बुडबुडे डोळ्यांना दिसतात. तांब्याचे वायसर दर वेळी नवे टाकावेत. एकदा आवळल्यावर तांबं कडक होतं, दुसऱ्यांदा ते नीट बसत नाही. काही रुपयांच्या वायसरसाठी माणसाचा दिवस जाऊ देऊ नये.

६. टाकीचं झाकण.

वीस-पंचवीस किलोमीटर गाडी छान पळते, मग तुटायला लागते, बाजूला घेऊन थोडा वेळ थांबलं की पुन्हा छान. असं कोणी सांगितलं की मी आधी टाकीचं झाकण उघडायला लावतो. डिझेल जातं तेवढी हवा आत यायला हवी. त्यासाठीचं बारीक छिद्र चिखलानं बुजलं की टाकीत निर्वात तयार होतो आणि फीड पंपाला डिझेल ओढता येत नाही. झटके सुरू असतानाच झाकण उघडावं. ‘सुस्स’ असा आवाज झाला आणि गाडी सावरली, तर दोष मिळाला.

७. पावसाळ्यात पाण्याचा विचार आधी.

पाणी डिझेलपेक्षा जड, ते तळाशी बसतं. म्हणून वॉटर सेपरेटरचा स्क्रू सकाळी, गाडी चालू करण्याआधी सोडायचा. दिवसभर घुसळल्यावर सोडला तर काही कळत नाही. अर्धी रिकामी टाकी दमट रात्री उभी राहिली की आतल्या हवेतली वाफ पत्र्यावर पाणी होऊन उतरते, तेव्हा पावसाळ्यात टाकी संध्याकाळी भरावी. पाण्यानं मिसिंग होतं तेवढ्यावर भागत नाही, पंप आणि नोझलचे आतले भाग गंजतात आणि तो खर्च मोठा असतो.

८. हादऱ्यावर येणारं मिसिंग बहुतेक वेळा वायरचं असतं.

रोटरी पंपाच्या गाडीत डिझेल बंद करणारा सोलेनॉइड असतो. त्याला १२ व्होल्टचा करंट मिळतोय तोवर डिझेल चालू, करंट गेला की बंद. त्याच्या वायरचा लग ढिला असेल तर खड्ड्यात क्षणभर करंट तुटतो, इंजिन गचकतं आणि पुन्हा लागतं. ड्रायव्हर शपथेवर सांगतो की मिसिंग आहे, आणि त्याचं खरंच असतं. अशा वेळी मी सोलेनॉइडच्या टर्मिनलवरून एक वायर काढून केबिनमध्ये छोटा बल्ब लावून देतो. झटक्याच्या क्षणी बल्ब लुकलुकला तर वायरिंग किंवा इग्निशन स्विच. बल्ब जळत राहिला आणि झटका आला तर डिझेलची लाइन. पंप उघडण्याआधी ही परीक्षा झालीच पाहिजे.

९. एक सिलिंडर असेल, तर तोच कोणता हे नक्की करावं.

स्लोवर इंजिन ठेवून एकेका नोझलच्या पाइपचा नट थोडा ढिला करायचा. चांगल्या सिलिंडरचा नट सोडला की इंजिन लगेच बसतं. ज्याचा नट सोडूनही आवाजात काहीच फरक पडत नाही, तो आधीच सुटलेला. हे करताना चष्मा लावा, फडकं धरा आणि धारेच्या आड बोट कधीही नेऊ नका. जोरानं उडालेलं डिझेल कातडीत शिरलं तर सुई टोचल्याएवढी खूण दिसते, पण ते आत पसरतं, आणि तसं झालं तर दुखण्याची वाट न बघता त्याच तासात रुग्णालय गाठावं लागतं. कॉमन रेलच्या गाडीवर हे करायचंच नाही. तिथला दाब हजार बारच्या पुढे जातो, तो माणसाचा हात घेऊन जाईल.

नट सोडायचा नसेल तर थंड इंजिन चालू करून एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या चारही तोंडांवर पाण्याचे थेंब टाकायचे. जिथे थेंब उशिरा सुकतो तो सिलिंडर आळशी.

त्यानंतर अदलाबदल. तिसरा सुटत असेल तर तिसऱ्याचा नोझल पहिल्यात आणि पहिल्याचा तिसऱ्यात. दोष नोझलबरोबर पहिल्यात गेला तर नोझल. तिसऱ्यातच राहिला तर पाइप, पंपाचा डिलिव्हरी व्हॉल्व्ह, नाहीतर कॉम्प्रेशन. एका वेळी एकच बदल करायचा, आणि येतं-जातं मिसिंग असेल तर गाडी नेहमीच्या कामावर पाठवून मगच निकाल द्यायचा. गरम झाल्यावरच एक सिलिंडर सुटतो आणि नोझल बदलूनही तिथेच राहतो, तर टॅपेट तपासावेत. फट कमी असली की तापल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि कॉम्प्रेशन गळतं. उशीर झाला तर व्हॉल्व्ह जळतो, मग हेड उतरवल्याशिवाय गत्यंतर नाही.

१०. शोधण्याचे पैसे वेगळे सांगावेत.

मालक पार्टचे पैसे बिनतक्रार देतो, कारण पार्ट हातात दिसतो. तासभर गाडीत बसून चढावर जाऊन आल्याचे पैसे मागितले की त्याला ते जड जातात. त्यामुळे फिटरही पार्ट बदलून मोकळा होतो. यात तोटा गाडीवाल्याचा आहे, आणि टोमॅटो क्रेटमध्ये मऊ पडत असताना रस्त्यात उभं राहावं लागतं ते त्यालाच. मी आता आधीच सांगतो की एवढे पैसे शोधण्याचे, पार्ट लागला तर तो वेगळा. बहुतेक जण मान्य करतात. जे करत नाहीत त्यांना वरच्या सहाव्या आणि सातव्या मुद्द्यातली कामं फुकट सांगून पाठवतो.

११. गाडी देताना.

गॅरेजच्या दारात अर्धा तास चालली म्हणजे दुरुस्त झाली, असं मी धरत नाही. ज्या वेळी, ज्या चढावर, टाकीच्या ज्या पातळीला मिसिंग यायचं, तिथेच ती चालून आली पाहिजे. म्हणून मालकाला सांगतो की टाकी एकदा खाली उतरू दे, घाट एकदा चढून ये आणि मग फोन कर. तोवर काढलेले जुने पार्ट मी नावाची चिठ्ठी लावून ठेवतो. फोन आला आणि गाडी बरी असली, तर त्यातले चांगले निघालेले नोझल त्याचे त्याला परत देतो.