गाल बसले म्हणून गोळ्या सोडू नका

२००६ मध्ये एचआयव्हीमुळे माझा सीडी४, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा, दोनशेच्या खाली गेला आणि एआरटी (एचआयव्हीविरोधी उपचार) केंद्रातून गोळ्या सुरू झाल्या. स्टॅव्ह्युडिन, लॅमिव्युडिन, नेव्हिरॅपिन. तेव्हा सरकारी केंद्रांत बऱ्याच जणांना हेच मिळायचं. त्या गोळ्यांनीच मला उभं केलं, हे आधी सांगते. ताप गेला, भूक लागू लागली, सीडी४ वाढला.

पुढे हळूहळू गाल आत गेले. हातापायांच्या शिरा दोरीसारख्या वर आल्या. ब्लाउजच्या बाह्या ढगळ झाल्या, कंबर मात्र होती तेवढीच. केंद्रातल्या लाकडी बाकावर बसलं की हाडं टोचायची. नात्यातल्या बायका कुजबुजायच्या, "हिचं आता काही खरं नाही." रांगेत भेटणाऱ्या एका भाऊंना तर चेहऱ्यावरून गावाला कळेल याचीच धास्ती. त्यांनी कुणाला न विचारता गोळ्या सोडल्या. विषाणू उसळला, टीबी झाला आणि ते गेले. ते आठवलं की आजही जीव तुटतो, कारण नुसतं औषध बदलणं हाच उपाय होता.

गालांची, हातापायांची चरबी जात होती ती आजार बळावल्यामुळे नव्हे, औषधामुळे. स्टॅव्ह्युडिन, आणि त्याहून कमी प्रमाणात झिडोव्युडिन, पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियाला इजा करतं. त्वचेखालच्या चरबीच्या पेशी त्यात मरतात. म्हणून कितीही तूप-शेंगदाणे खाल्ले तरी गालांचे खड्डे भरत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये स्टॅव्ह्युडिन टप्प्याटप्प्याने बंद करायला सांगितलं. माझ्या गोळीत त्याच्या जागी टेनोफोविर आलं. चरबी परतली, पण फार सावकाश आणि पूर्ण नाही. म्हणून लवकर बोलणं महत्त्वाचं.

आताच्या नेहमीच्या टेनोफोविर, लॅमिव्युडिन, डोल्युटेग्रॅविर या गोळीत स्टॅव्ह्युडिन आणि झिडोव्युडिन ही दोन्ही औषधं नाहीत. तुमच्या गोळ्यांत झिडोव्युडिन असेल आणि गाल, दंड, मांड्या उतरत असतील, तर डॉक्टरांना स्पष्ट विचारा. जुना फोटो सोबत न्या. दर महिन्याला बघणाऱ्याच्या नजरेतून फरक सुटतो.

पण सगळं अंगच वाळत असेल, वजन घटत असेल, खोकला, ताप, रात्री घाम किंवा न थांबणारे जुलाब असतील, तर गोष्ट वेगळी. तिथे चरबीबरोबर स्नायूही झिजतात. टीबी असू शकतो, किंवा गोळ्या लागू पडत नसतील. पुढच्या तारखेची वाट बघू नका. त्याच आठवड्यात केंद्रात जा, थुंकी तपासायला द्या, व्हायरल लोड (रक्तातल्या विषाणूचं प्रमाण) तपासायला सांगा, आणि तोवर एकही गोळी चुकवू नका.