मेणाची फळे : बादली हातासाठी, झाकण आगीसाठी

परीक्षा संपल्या की दुपारच्या वेळी मुलांना गुंतवायचे कशात, हा प्रश्न घरोघरी उभा राहतो. ऊन इतके की बाहेर खेळायला पाठवता येत नाही. अशा वेळी अनेक घरांत मेणबत्त्या करण्याचा छंद सुरू होतो. कलिंगड, संत्रे, आंबा अशा उन्हाळी फळांच्या आकाराच्या मेणबत्त्या थोड्या खर्चात होतात आणि दिसतातही सुरेख. छंद चांगलाच आहे. मात्र त्यात गरम मेण, गॅस आणि लहान मुले एकाच ओट्याजवळ येतात, म्हणून हा विषय आरोग्याच्या सदरात.

एका उन्हाळ्यात नऊ वर्षांच्या मुलीला माझ्याकडे आणले होते. मनगटावर मेण सांडले होते. चटका तसा बेताचाच होता. पण घाबरलेल्या आजीने चिकटलेले गरम मेण ओढून काढले, त्याबरोबर कातडीही निघाली. वर टूथपेस्ट थापली. आठवड्यात बरी झाली असती ती जखम भरायला तीन आठवडे लागले. आजीची माया कमी नव्हती, माहिती कमी होती.

मेण पाण्यापेक्षा वेगळे का?

मेणबत्तीचे पॅराफीन मेण साधारण ५० ते ६५ अंश सेल्सिअसला वितळते. ६० अंशांचे पाणी पाच सेकंद अंगावर राहिले तरी मोठ्या माणसाची कातडी खोलवर भाजू शकते. मुलांची त्याहून लवकर. शिवाय पाणी ओघळून जाते, मेण मात्र चिकटून बसते आणि आपली उष्णता कातडीत सोडत राहते.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. पाणी १०० अंशांना उकळते, बुडबुडे येतात, आपण सावध होतो. मेण असा इशारा देत नाही. थेट आचेवर ते निमूटपणे तापत जाते आणि सुमारे २०० अंशांच्या पुढे त्याची वाफ पेट घेऊ शकते. मायकेल फॅरेडे या शास्त्रज्ञाने १८६०-६१ च्या नाताळात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांसमोर मेणबत्तीवर व्याख्याने दिली. जळते ती मेणाची वाफ, हे त्यांनी प्रयोगाने दाखवले होते. मेणबत्तीत ही वाफ वातीपुरती असते, तापलेल्या पातेल्यात ती सगळ्या पृष्ठभागावर असते.

म्हणून मेण नेहमी पाण्यावर वितळवावे. मोठ्या पातेल्यात पाणी, त्यात जाळी किंवा उलटी ताटली आणि तिच्यावर मेणाचे भांडे. खाली पाणी आहे तोवर मेण १०० अंशांच्या वर जात नाही. पाणी आटू देऊ नये आणि मेणात पाण्याचा थेंब पडू देऊ नये.

तयारी

अर्धा किलो पॅराफीन मेण, ५० ग्रॅम स्टिअरिक अ‍ॅसिड, मेणात विरघळणारे रंग आणि सुती वात एवढे साहित्य पुरते. स्टिअरिक अ‍ॅसिडने मेण कडक होते व उन्हाळ्यात मेणबत्ती चटकन वाकत नाही. खाण्याचे पाण्यातले रंग मेणात मिसळत नाहीत. शेंदूर मुळीच वापरू नये; तो शिशाचे संयुग असतो. वातीत धातूची तार नसावी. शिशाची तार असलेल्या वातींवर अमेरिकेने २००३ मध्ये बंदी घातली, कारण त्यांच्या धुरातून शिसे घरात पसरते. मेणाची भांडी वेगळी ठेवावीत, ती पुन्हा स्वयंपाकाला घेऊ नयेत.

सुरुवात करण्यापूर्वी दोन गोष्टी हाताशी ठेवाव्यात : थंड पाण्याची भरलेली बादली आणि मेणाच्या भांड्यावर नीट बसेल असे सपाट झाकण. अंगावर सुती कपडे असावेत, ओढणी किंवा पदर खोचलेला, केस बांधलेले, पायात चपला. वितळलेले मेण मोठ्यांनीच हाताळावे.

कलिंगड, संत्रे आणि आंबा

कलिंगडासाठी स्टीलच्या गोल वाटीला आतून खोबरेल तेलाचा पुसट हात लावावा. वितळलेल्या मेणाचे तीन भाग करून एकात हिरवा, एकात लाल रंग घालावा, एक पांढरा ठेवावा. आधी हिरवे मेण वाटीत काठापर्यंत ओतावे. काही मिनिटांत कडेने पातळ थर धरतो. मग आतले पातळ मेण परत भांड्यात ओतावे. हिरवी साल तयार झाली. तसाच पांढऱ्या मेणाचा आणखी पातळ थर द्यावा. शेवटी लाल मेण भरावे. ते अर्धवट घट्ट झाले की मेणात बुडवून ताठ केलेली वात मधोमध रोवावी. निवताना मेण आकसते आणि मध्ये खळगा पडतो, तो पुन्हा लाल मेणाने भरावा. रात्रभर ठेवून सकाळी वाटी क्षणभर कोमट पाण्यात धरली की मेणबत्ती सुटते. काडीच्या टोकाने काळ्या मेणाचे ठिपके दिले की बिया झाल्या.

संत्र्याचा रस काढून उरलेली अर्धी साल आतून कोरडी पुसावी, वाटीत बसवावी आणि नारिंगी मेण भरून वात लावावी. ही मेणबत्ती दोन-चार दिवसांतच वापरावी आणि ज्योत सालीपर्यंत पोहोचण्याआधी विझवावी.

आंबा मात्र मुलांनी करावा. पिवळे मेण ताटात ओतून कणकेसारखे मऊ व कोमट होऊ द्यावे. आधी मोठ्यांनी हातात घेऊन पाहावे, मगच मुलांना वळायला द्यावे. देठाकडे थोडा लाल रंग चोळला की आंबा हुबेहूब दिसतो.

हुबेहूब दिसतो, हाच धोका

दोन-तीन वर्षांच्या मुलाला हा आंबा खरा वाटतो. मेण सहसा विषारी नसते, पण तुकडा घशात अडकून श्वास कोंडू शकतो. खाद्यपदार्थासारख्या दिसणाऱ्या, पण खाण्याच्या नसलेल्या धोकादायक वस्तूंविरुद्ध युरोपीय समुदायाने १९८७ मध्येच नियम केला होता, तो याच भीतीने. अशा मेणबत्त्या उंचावर ठेवाव्यात. फळांच्या टोपलीत कधीही नाहीत. डास जावेत म्हणून काही जण मेणात कापूर किंवा निलगिरीचे तेल घालतात. लहान मुलाच्या पोटात गेल्यास यांनी झटके येऊ शकतात. असे काही पोटात गेल्यास उलटी करवू नये, मुलाला तडक दवाखान्यात न्यावे.

मेणबत्ती लावताना वात पाव इंच ठेवावी, म्हणजे काजळी कमी धरते. पंख्याचा झोत, पडदे आणि मच्छरदाणी यांपासून ती दूर असावी. घरात दम्याचा रुग्ण असल्यास सुगंध घालू नये.

मेण पेटल्यास

गॅस बंद करावा आणि झाकण बाजूने सरकवून भांड्यावर ठेवावे. भांडे पूर्ण निवेपर्यंत ते उघडू नये. जळते भांडे उचलून मोरीकडे पळू नये. पाणी कधीही ओतू नये. पाण्याची वाफ होताना ती सुमारे १,७०० पट जागा घेते आणि जळते मेण छतापर्यंत उडते.

हात भाजल्यास

१. मेण ओढू नये. भाजलेला भाग मेणासकट लगेच थंड पाण्याखाली धरावा आणि पूर्ण २० मिनिटे धरावा. उन्हाळ्यात दुपारी गच्चीवरच्या टाकीचे पाणी गरम येते, म्हणून बादली आधी भरून ठेवायची. बर्फ लावू नये.

२. बांगड्या, अंगठी, घड्याळ सूज येण्याआधी काढावे.

३. निवलेले मेण सहज सुटेल तेवढेच काढावे. घट्ट बसलेले तसेच राहू द्यावे, डॉक्टर काढतील.

४. टूथपेस्ट, शाई, हळद, तूप काहीही लावू नये. फोड फोडू नयेत. स्वच्छ, कोरड्या कापडाने सैल झाकावे.

५. चेहरा, डोळे, हाताचा पंजा किंवा सांधा भाजला असेल, जखम रुग्णाच्या स्वतःच्या तळहाताहून मोठी असेल, कातडी पांढरी पडून दुखत नसेल, किंवा रुग्ण लहान मूल, वृद्ध वा मधुमेही असेल तर दवाखान्यात जावेच. धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल विचारावे. गंभीर भाजल्यास १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

पहिल्या २० मिनिटांत जे घरी होते, त्यावर पुढची जखम बरीचशी अवलंबून असते. म्हणून मुलांना मेणाचा आंबा शिकवताना आजी-आजोबांसह घरातल्या सगळ्यांना एवढे पाठ करून ठेवावे : बादली हातासाठी, झाकण आगीसाठी.