धाप लागणाऱ्या मुलीची गोष्ट

प्रश्न : मला लहानपणापासून दमा आहे. पावसाळ्यात फार त्रास होतो. अंगणवाडीतल्या मुलांना मी गोष्टी सांगते, आणि मुलांसाठी चित्रपुस्तक लिहावं असं कित्येक वर्षं मनात आहे. पण मला चित्रं काढता येत नाहीत. शिवाय दमा असलेल्या मुलीची गोष्ट मुलांना आवडेल, की नुसतं रडगाणं होईल?
– एक वाचक, देवबाग, ता. मालवण

उत्तर : चित्रं येत नाहीत म्हणून मुळीच अडून राहू नका. माधुरी पुरंदरे यांच्यासारखं स्वतः लिहून स्वतःच चित्रं काढणारं कुणी विरळाच. एरवी लेखक वेगळा, चित्रकार वेगळा, आणि चित्रकार बहुधा प्रकाशकच निवडतो. तुम्हाला साधायला हवं ते वेगळंच : जे चित्रात दिसणार आहे ते लिहायचं नाही. खवळलेला समुद्र आणि काळं आभाळ चित्रकार दाखवेल. ‘आज रापणीचं जाळं टाकायचं नाही,’ असं आबा म्हणाले, एवढंच तुम्ही लिहा.

हे शिकायला लांब जायला नको. कुडाळजवळ पिंगुळीला एकदा जाऊन या. तिथल्या ठाकर समाजाची चित्रकथी म्हणजे आपल्या मातीतलं चित्रपुस्तकच. रामायण-महाभारतातल्या एकेका आख्यानाचा चित्रसंच असतो, त्याला पोथी म्हणतात. दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली. कथेकरी एक चित्र समोर धरतो, गातो, सांगतो आणि मगच पुढचं काढतो. पद्मश्री (2021) परशुराम गंगावणे यांनी उभारलेल्या ‘ठाकर आदिवासी कला आंगण’मध्ये हे बघायला मिळतं. चित्र कधी बदलतं तिकडे नीट लक्ष ठेवा. पान नेमकं कुठे उलटायचं, ही चित्रपुस्तकाच्या लेखकाची खरी परीक्षा असते. एक ताव घडी घालून 8 किंवा 16 पानं होतात, म्हणून ही पुस्तकं 16, 24, 32 पानांची असतात. जागा तेवढीच. कोरे कागद दुमडून तशी वही करा आणि पानागणिक लिहून पाहा.

आता दम्याचं. अशी गोष्ट मुलांना नक्की आवडेल, आणि ती तुम्हीच लिहावी असं मला मनापासून वाटतं. दम्यात श्वासनलिका सुजतात, भोवतीचे स्नायू आवळतात, आत चिकट कफ साठतो. श्वास घेण्यापेक्षा सोडणं जड जातं, म्हणून छातीतून शिट्टीसारखा आवाज येतो. ज्याला दमा नाही तो लेखक ‘तिला श्वास घेता येईना’ असं लिहून मोकळा होईल. तो आवाज, रात्री उशीला टेकून बसणं, ‘धाप लागता काय गो?’ असं आजीने दहांदा विचारणं, हे तुमच्याजवळ आहे. शेवटी धाडस केलं आणि दमा पळाला, असं मात्र करू नका. ते खोटं आहे, आणि दमा असलेल्या वाचक मुलाला ते लगेच कळतं. गोष्टीतल्या मुलीचं मांजर हरवू द्या, तिला ते शोधायला धावू द्या, मध्येच इन्हेलर घेऊ द्या. गोष्ट मांजराचीच राहू दे.

इन्हेलरचं चित्र कसं हवं, हेही चित्रकाराला लिहून कळवा. लहान मुलीच्या हातात नुसता पंप नको, त्याला स्पेसरची नळी हवी. सकाळचा स्टिरॉइडचा पंप झाला की चूळ भरायची, हेही एका कोपऱ्यात दिसू दे. ‘पंपाची सवय लागते’ ही भीती निराधार आहे, पण कितीतरी घरांत मुलांचा पंप तिच्यापायी बंद होतो.

स्वतःचंही सांभाळा. ओल आलेल्या भिंतीपाशी किंवा बुरशी लागलेल्या जुन्या पुस्तकांच्या ढिगाशेजारी लिहायला बसू नका, चुलीच्या धुरातही नको. बरं वाटतंय म्हणून रोजचा पंप मनाने सोडू नका. धापेपुरता घ्यायचा पंप वरचेवर लागायला लागला, तर वही ठेवा आणि आधी डॉक्टरांकडे जा.

मजकूर तयार झाला की मोठ्याने वाचा. मुलांना ही पुस्तकं कुणीतरी वाचूनच दाखवत असतं. जे वाक्य तुम्हाला एका दमात वाचता येणार नाही, ते तोडा. मग अंगणवाडीत वाचून दाखवा आणि मुलं कुठे चुळबुळ करतात ते बघा. ज्योत्स्ना प्रकाशन, नॅशनल बुक ट्रस्ट यांच्याकडे मजकूर पाठवता येईल. हात बसेपर्यंत प्रथम बुक्सचं ‘स्टोरीवीवर’ हे संकेतस्थळ वापरा. तिथली तयार चित्रं घेऊन आपली मराठी गोष्ट फुकट रचता येते.