लिमिटेड आणि तुझी सही

चि. रोहित यास,


तुझा मेसेज वाचला. शिरोलीतलं जॉब वर्क तू आणि सचिन आता 'लिमिटेड'मध्ये नेणार, नव्या व्हीएमसी मशीनसाठी बँकेत अर्ज करणार, आणि मग उद्या काही झालं तरी घराला धक्का लागणार नाही, असं तू वहिनीला सांगितलंस. पहिल्या दोन गोष्टी ठीक. तिसरी सांगायची तू घाई केलीस. माझी सगळी नोकरी बँकेच्या कर्ज विभागात गेली, त्यामुळे ही समजूत घेऊन येणारी माणसं मला नवीन नाहीत.

आधी लिमिटेड कशाला हवं ते बघ. आज तुमच्यात कागद नाही, पण दोघं मिळून धंदा चालवता आणि नफा वाटून घेता. 1932 च्या कायद्याला भागीदारी ठरवायला एवढं पुरतं. आणि भागीदारीत प्रत्येक जण सगळ्या देण्याला बांधील असतो, आपल्या निम्म्या वाट्यापुरता नाही. सचिनने फर्मसाठी उधारीवर टूलिंग उचललं, तर दुकानदार सगळी रक्कम एकट्या तुझ्याकडून मागू शकतो. तुमच्या कामात तर जोखीम मजुरीपेक्षा मोठी. कास्टिंग पार्टीचं, मशिनिंग तुमचं. एका लॉटमध्ये बोअर मोठं झालं की पार्टी मजुरी कापून थांबत नाही, कास्टिंगची किंमतही डेबिट नोटेत घालते. असा दावा एलएलपीवर (म्हणजे मर्यादित जबाबदारीच्या भागीदारीवर) किंवा कंपनीवर आला, तर तो तिच्या मालमत्तेपुरता राहतो. दादाच्या घरापर्यंत येत नाही. म्हणून लिमिटेड कराच.

हे तत्त्व पक्कं झालं ते लंडनच्या एका बूट बनवणाऱ्याच्या खटल्यात. ॲरन सालोमनने 1892 मध्ये आपला चालता धंदा स्वतःच्याच कंपनीला विकला. 20,007 शेअरपैकी 20,001 त्याचे. उरलेले सहा बायको, मुलगी आणि चार मुलगे यांच्या नावावर एकेक, कारण कायद्याला सात नावं लागत. पुढे कंपनी बुडाली. खालच्या दोन्ही कोर्टांनी सालोमनलाच धरलं, पण 1896 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने एकमताने ठरवलं की कंपनी वेगळी आणि सालोमन वेगळा. वकील मंडळी एवढंच सांगतात. मला त्यातला दुसरा भाग महत्त्वाचा वाटतो: कंपनीकडून येणं असलेल्या किमतीपैकी 10,000 पौंडांचे तारणी कर्जरोखे सालोमनने स्वतःच्या नावावर घेतले होते. त्यामुळे उरल्यासुरल्या मालमत्तेवर पहिला हक्क तारणवाल्यांचा ठरला आणि उधारीवर माल देणाऱ्यांच्या हाती काही लागलं नाही.

बँक उधारीवर माल देणाऱ्या व्यापाऱ्यासारखी वागत नाही. ती मशीन तारण घेईलच, शिवाय तुमच्या दोघांची वैयक्तिक हमीही मागेल. आमच्या टेबलावर कर्जाच्या कागदांचा गठ्ठा पुढे सरकवला, की लोक फुल्या केलेल्या जागी सह्या करत जायचे. हमीपत्रही त्यातच. त्यावर सही केलीस की जेवढं देणं एलएलपीचं, तेवढंच तुझं. करार कायद्याचं कलम 128 ते सांगतं. बँकेने आधी एलएलपीकडून वसूल करावं आणि मग तुझ्याकडे यावं, असंही बंधन नाही. म्हणजे ज्या कर्जाची तुला सर्वात जास्त धास्ती आहे, नेमकं त्याच्यापुरतं 'लिमिटेड' उरत नाही.

तुमची दोघांची हमी बहुधा टळणार नाही. दादाची मात्र टाळता येते. लघुउद्योगांसाठी सीजीटीएमएसई ही हमी योजना आहे. तीत घराचं तारण किंवा तिसऱ्या माणसाचा जामीन न घेता बँक कर्ज देऊ शकते. दरवर्षी फी पडते, ती भर. मॅनेजर आपणहून सांगेलच असं नाही, त्याला घराचं तारण सोयीचं असतं. अर्जातच मागणी लिही. आणि कर्ज थकलं तर योजनेने बँकेला पैसे दिले तरी तुमची सुटका होत नाही, हेही ध्यानात ठेव.

प्रायव्हेट लिमिटेड की एलएलपी, या प्रश्नावर मी फार वेळ घालवणार नाही. तुम्हाला बाहेरचा गुंतवणूकदार आणायचा नाही, शेअर वाटायचे नाहीत. कंपनीला एक रुपयाची विक्री नसली तरी ऑडिट सक्तीचं, आणि वार्षिक फॉर्म चुकला तर प्रत्येक फॉर्ममागे दिवसाला 100 रुपये. एलएलपीला ऑडिट लागतं ते उलाढाल 40 लाखांच्या किंवा भांडवल 25 लाखांच्या वर गेल्यावर. तिचे दोन फॉर्म मात्र विसरू नकोस: 30 मेपर्यंत फॉर्म 11, 30 ऑक्टोबरपर्यंत फॉर्म 8. कराचा दर कंपनीला कमी पडू शकतो हे खरं, पण तिथला नफा लाभांश म्हणून घरी नेताना पुन्हा कर. एलएलपीतला नफ्याचा वाटा तुमच्या हातात करमुक्त. माझं मत एलएलपी.

खरं डोकं लागतं ते कराराला. एजंट देतो तो छापील मसुदा घेऊ नका. करारात जे लिहिलेलं नसेल तिथे एलएलपी कायद्याची पहिली अनुसूची लागू होते: नफा-तोटा समान, कामाचा पगार कुणालाच नाही, आणि निर्णय बहुमताने. दोघांत बहुमत कसलं? सचिन रात्रपाळी सांभाळतो, तू पार्ट्या. कुणाचा पगार किती, ते लिहा. तुमचं पटलं नाही तर शेवटचा शब्द कुणाचा, एक जण बाहेर पडला तर मशीनची किंमत कोण ठरवणार, तेही लिहा. मैत्री चांगली आहे तोवर हे विचारायला लाज वाटते, पण नंतर विचारलंत तर वकिलांसमोर विचारावं लागेल.

बाकीचं थोडक्यात. जुनी देणी तुमच्या नावावरच राहतील, ती आधी चुकती करा. जीएसटी, उद्यम आणि बँक खातं नव्या नावाने काढा, आणि पार्टीचे पैसे यूपीआयवर तुझ्या बचत खात्यात येणं बंद कर. एलएलपीचा चेक वटला नाही तर चेकच्या कायद्याच्या कलम 138 खाली सही करणाराही आरोपी होतो, तेव्हा पुढच्या तारखेचे चेक वाटत फिरू नकोस. कामगाराच्या पगारातून कापलेला पीएफ वेळेवर भर. त्याचा जाब माणसाला द्यावा लागतो, तिथे 'लिमिटेड' कामी येत नाही.

आणि सचिनलाही हे पत्र दाखव. उद्या तो एलएलपीतून बाहेर पडला, सरकारदरबारी तशी नोंदही झाली, तरी बँकेकडची त्याची हमी चालूच राहते. बँकेने लेखी मोकळं केलं तरच तो सुटतो. तुझंही तसंच. सॅन्क्शन लेटर आलं की सही करण्याआधी फोटो पाठव. रक्कम लिहिलेलं पहिलं पान नको, अटींची मागची पानं पाठव.

दादा-वहिनींना नमस्कार.

तुझी,
आत्या