परसातल्या तळ्यात कोणते मासे सोडावेत?



दोन वर्षांपूर्वी आपल्यापैकी काही मंडळ्यांनी वसतिगृहाच्या परसात तळे बांधण्यासाठी देणगी पाठवली होती. त्यात कोणते मासे सोडले, अशी विचारणा अनेकांनी पत्रातून केली. काहींना आपल्या अंगणातही असे तळे करायचे आहे. म्हणून या अंकात अभ्यासासाठी हाच विषय घेतला आहे. सुरुवात माझ्या चुकीपासून करतो.

तळे दहा फूट लांब, सहा फूट रुंद आणि जेमतेम दोन फूट खोल. मुलांना रंगीत मासे हवे होते, म्हणून मी शहरातून गप्पी आणि मॉली आणले. पावसाळाभर छान चालले. डासांच्या अळ्या दिसेनाशा झाल्या. डिसेंबरात सातपुड्यात कडाका पडला आणि एका सकाळी सगळे मासे पाण्यावर उताणे तरंगत होते. आपल्या देणगीचे पैसे होते ते! मुले काही बोलली नाहीत, तेच मला जास्त लागले. शाळेतला तापमापक आणून पाण्यात धरला, तर पारा ११ अंशांवर. गप्पी आणि मॉली हे उष्ण प्रदेशातले मासे, त्यांना इतकी थंडी सोसत नाही. मासे घेण्याआधी विचारायला हवे होते ते मी मासे मेल्यावर विचारले: वर्षातल्या सर्वांत थंड पहाटे हे पाणी किती गार होते?

मग सगळे गोल्डफिश सुचवू लागले. थंडी तो उत्तम सोसतो, पण वीतभर वाढतो, घाणही फार करतो आणि लाल रंगामुळे खंड्याला लांबूनच दिसतो. रोहू-कटल्याला मोठे तळे लागते; शिवाय गार पाण्यात त्यांचे खाणे मंदावते आणि टाकलेले खाद्य तळाशी कुजते. ट्राउटचा तर विचारच नको. त्याला बारमाही वाहते गार पाणी लागते.

उत्तर मिळाले एका पावरा पालकाकडून. मुलाला भेटायला आले असता तळ्याकडे बघून ते म्हणाले, "सर, ओढ्याचं पाणी याच्यापेक्षा गार असतं. त्यातले मासे मरतात का?"

ओढ्यात दोन जाती मिळाल्या. पहिली अंगावर निळसर पट्टे असलेला, दीड इंची झेब्रा डॅनिओ. प्रयोगशाळांमुळे तो आज जगभर पोहोचला असला, तरी मूळचा आपल्याकडचाच. १८२२ साली हॅमिल्टनने गंगेच्या माशांवरील ग्रंथात त्याचे वर्णन केले. उन्हाळा-हिवाळा दोन्ही सोसतो आणि अळ्या आवडीने खातो. दुसरा मळ्या. १८३९ मध्ये साईक्सने दख्खनच्या माशांची नोंद करताना त्याच्या शास्त्रीय नावात हे देशी नावच ठेवले: गारा मुल्या. तो दगडांवरचे शेवाळ खरवडून खातो, त्यामुळे तळे घासण्याचे काम वाचते. मात्र त्याला प्राणवायू भरपूर लागतो, म्हणून दिवसातून दोनदा बादलीने उंचावरून पाणी ओततो. हे काम मुलांनी वाटून घेतले आहे.

आपण तळे करणार असाल, तर निदान एक कोपरा तीन-चार फूट खोल ठेवा. खोल पाणी एकदम गार पडत नाही. नवे सिमेंट असेल तर पाणी भरून, बदलून दोन-तीन आठवडे चुना उतरू द्या. मासे ओढ्यातून आणायचे तर थोडेच आणा, आणि पावसाळ्यात, म्हणजे विणीच्या दिवसांत, अजिबात नको. दुकानातला परदेशी मासा मात्र ओढ्यात कधीही सोडू नका. डासांसाठी १९२८ साली भारतात आणलेला गॅम्बुशिया आज देशी माशांची अंडी-पिल्ले खात फिरतो आहे.

या जानेवारीत पाणी १० अंशांपर्यंत उतरले. डॅनिओ दगडांच्या आडोशाला जाऊन बसले, आम्ही खाद्य बंद केले, आणि ऊन वाढल्यावर मुलांनी मोजले तेव्हा अठराच्या अठरा होते. मळ्ये चार होते, आता तीन आहेत. चौथा पहिल्याच रात्री ओल्या भिंतीवरून चढून बाहेर पडला. तेव्हापासून तळ्यावर जुनी मच्छरदाणी ताणलेली असते.